मेलबर्नचे तीन गोल : प्रस्तावना

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्क स्टेडियमवर भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. चारपैकी तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या विजयाने भारत उपांत्य फेरीत गेला, आणि तोवर आशियातला कोणताही देश तिथे पोहोचला नव्हता. स्पर्धा संपली तेव्हा चार गोलांसह नेव्हिल सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने पहिल्या जागी होता.

जळगावच्या किंवा धुळ्याच्या कोणत्याही शाळेत जाऊन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना विचारा. मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे ही नावं त्यांच्या तोंडावर असतात. कुणाच्या पाठीवर हालांडचं नाव असतं. नेव्हिल डिसोझा हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. अलीकडे ज्यांनी ऐकलं, त्यातल्या अनेकांनी ते २०२४ च्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटातून ऐकलं, आणि तो चित्रपट मुळात त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा आहे. आपल्याच राज्याच्या राजधानीत घडलेला, जगाच्या स्पर्धेत पहिल्या ओळीत बसलेला हा सेंटर-फॉरवर्ड मराठीत जवळजवळ आलेलाच नाही. हे पुस्तक त्यासाठी आहे.

मेलबर्नच्या त्या सामन्यात गोल कोणत्या क्रमाने झाले ते पाहण्यासारखं आहे. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा आघाडी मिळवली, ती मॉरोने एक्केचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा पुसून टाकली. मध्यंतरानंतर, पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिलचा तिसरा. मग ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल करून सामना संपवला. यजमान संघ, त्याचेच प्रेक्षक, आणि मिळवलेली आघाडी दोनदा हातातून गेलेली. ज्याने फुटबॉल खेळला आहे त्याला ठाऊक असतं की बरोबरी झाल्यानंतरची दहा मिनिटं संघाला सर्वांत जड जातात. पाय जागचे हलत नाहीत, पास मागे मागे जायला लागतात. त्या वेळी पुढे उभा असलेला माणूस काय करतो यावर फॉरवर्डची खरी किंमत ठरते. दुबळ्या संघाविरुद्ध पाच गोल करणारे पुष्कळ असतात. नेव्हिलचे तिन्ही गोल आघाडी मिळवून देणारे होते, आणि म्हणून मी त्या हॅट्‌ट्रिकला भारतीय फुटबॉलमधली सर्वांत मोलाची हॅट्‌ट्रिक मानतो.

तीन दिवसांनी, ४ डिसेंबरला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर उपांत्य सामना झाला. समोर युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. त्या दिवशी आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, आणि त्या पराभवानंतरच भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. मेलबर्नमध्ये बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० ने पुढे गेला. आघाडी जेमतेम दोन मिनिटं टिकली. युगोस्लाव्हियाने सामना ४-१ असा जिंकला आणि पुढे अंतिम सामन्यात तो सोव्हिएत संघाकडून एका गोलने हरला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने आपल्याला ३-० ने हरवलं. पदक गेलं. पण १०-१ पासून त्या दोन मिनिटांच्या आघाडीपर्यंतचं अंतर भारतीय फुटबॉलने चार वर्षांत कापलं होतं, आणि ते कसं कापलं हा या पुस्तकाचा कणा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. त्या वर्षी बुडापेस्टमधला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता, हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही, आणि भारताला पुढे चाल मिळाली. काही जण यावरून त्या चौथ्या क्रमांकाला कमी लेखतात. मला ते पटत नाही. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच भूमीवर हरवायला कुणी पुढे चाल दिली नव्हती.

आता ज्यांना या खेळाची फारशी ओळख नाही अशा वाचकांसाठी थोडं मागे जाऊ. सेंटर-फॉरवर्ड, आजच्या भाषेत स्ट्रायकर, म्हणजे संघातला सर्वांत पुढचा खेळाडू. त्याचं काम गोल करणं, एवढं सगळ्यांना दिसतं. पण हे काम करायच्या रीती निरनिराळ्या आहेत आणि त्यांची घराणीही निरनिराळी आहेत. एक घराणं पेनल्टी क्षेत्रात दबा धरून बसणाऱ्यांचं. पश्चिम जर्मनीचा गेर्ड म्युलर त्यातला थोर. दुसरं घराणं मागे सरकून खेळणाऱ्यांचं. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने हरवलं, तेव्हा नांदोर हिदेगकुटी नावापुरता सेंटर-फॉरवर्ड होता. तो मध्यरेषेकडे मागे यायचा, त्याच्या मागे यावं की जागा धरून राहावं हे इंग्लंडच्या बचावपटूला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. तिसरं घराणं पूर्ण फॉरवर्डचं. उंची, हेडर, दोन्ही पाय, पास, आणि वेळ आली तर मध्यातून खेळ उभा करायची बुद्धी, असं सगळं एकाच माणसात.

भारतात या घराण्यांना आपापली माती मिळाली. बंगालने ड्रिबल करणारे, पायात चेंडू खेळवणारे फॉरवर्ड दिले. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्या अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. तिथून ती परंपरा चालत आली. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत दिल्लीत इराणविरुद्धचा एकमेव आणि निर्णायक गोल करणारा मेवालाल कलकत्त्याच्याच मैदानांवर घडलेला. पंजाबने दणकट देहाचे, धडक देणारे फॉरवर्ड दिले. हैदराबादने वेगळीच वाट काढली, आणि ती काढणारा माणूस पेशाने शिक्षक होता. रहीमसाहेब एका किंवा दोन स्पर्शांत चेंडू पुढे देण्यावर भर देत. ड्रिबलला मनाई असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. मेलबर्नला त्यांनी कर्णधार समर बॅनर्जीला पुढच्या फळीतून थोडं मागे खेळवलं, उजवीकडे पी. के. बॅनर्जीचा वेग ठेवला, आणि मधली मोकळी जागा नेव्हिलला दिली. हिदेगकुटीच्या हंगेरीची ती भारतीय आवृत्ती होती. ब्राझीलने हीच चार-दोन-चारची (चार बचावपटू, दोन मध्यात, चार पुढे) मांडणी १९५८ च्या विश्वचषकात जगाला दाखवली.

म्हणजे नेव्हिलचे गोल एकट्याचे नव्हते. कलकत्त्याचे पाय, हैदराबादचं डोकं आणि मुंबईचा सेंटर-फॉरवर्ड असा तो जोड होता.

मुंबईच्या वाट्याबद्दल मात्र फार कमी लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला तो गोऱ्या पलटणींचा खेळ होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या भारतीय संघाने तो जिंकला आणि पुढे हा कप जिथे भरायचा ते कूपरेजचं मैदान देशभरच्या संघांचं झालं. या मैदानाभोवती एक अर्थव्यवस्था उभी राहिली. टाटा, कॅल्टेक्स, पुढच्या काळात मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया अशा कंपन्यांनी आपापले संघ ठेवले. चांगला खेळणाऱ्या मुलाला तिथे नोकरी मिळायची. दिवसभर कचेरी, संध्याकाळी सराव, आठवड्याला सामना, महिन्याला पगार. नेव्हिल टाटा स्पोर्ट्‌सकडून आणि कॅल्टेक्सकडून खेळला, मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळला. त्याचा भाऊ डेरिकही भारताकडून खेळला. फुटबॉल हा त्या घराचा उद्योग होता असं म्हटलं तरी चालेल.

आणि ते घर मूळचं गोव्याचं. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तिथला तरुण कामासाठी मुंबईला यायचा, धोबी तलाव किंवा माझगावच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या खोल्यांमध्ये, राहायचा. या माणसांनी गावाकडचा फुटबॉल मुंबईत आणला. गोवा मुक्त झाल्यावर साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स या संघांनी गोव्यातच खेळाडूंना आधार दिला, आणि ब्रह्मानंद शंखवाळकरसारखा गोलरक्षक, ब्रुनो कुतिन्होसारखा फॉरवर्ड तिथेच मोठा झाला. मुंबईचा ओघ त्यामुळे आटला. पुढे कंपन्यांनीही हात आखडते घेतले. २००१ नंतर रोव्हर्स कप बंद पडला, आणि एकशे दहा वर्षांची स्पर्धा थांबल्याची हळहळसुद्धा फारशी झाली नाही.

नेव्हिल १९८० मध्ये, वयाची पन्नाशीही न गाठता गेला. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला, फुटबॉलमधला पहिला पी. के. बॅनर्जीला मिळाला, आणि तो त्याला मिळायलाच हवा होता. त्या यादीत नेव्हिलचं नाव मात्र कधीच आलं नाही.

या पुस्तकात एक मोठा भाग हॉलंडच्या मार्को व्हान बास्तेनवर आहे. नेव्हिलच्या पुस्तकात तो कशासाठी, असा प्रश्न येईल, म्हणून कारण सांगतो. व्हान बास्तेन हा तिसऱ्या घराण्याचा, पूर्ण फॉरवर्डचा, बहुधा सर्वोत्तम नमुना. १९६४ चा जन्म, गाव उट्रेख्त. ३ एप्रिल १९८२ रोजी आयाक्स क्लबकडून तो पहिल्यांदा उतरला तो योहान क्रॉयफच्या जागी बदली खेळाडू म्हणून, आणि त्याच सामन्यात त्याने गोल केला. आयाक्सकडून लीगच्या १३३ सामन्यांत त्याने १२८ गोल केले. मग इटलीतला मिलान क्लब. १९८८ च्या युरोपीय स्पर्धेत त्याने ड्यूसेलडॉर्फला इंग्लंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, हँबुर्गला पश्चिम जर्मनीविरुद्ध सामना संपता संपता विजयी गोल केला, आणि म्युनिकच्या अंतिम सामन्यात आर्नोल्ड म्यूरेनचा लांबून आलेला उंच चेंडू जमिनीवर पडूच न देता अगदी तिरप्या कोनातून सोव्हिएत गोलरक्षक दासायेवच्या डोक्यावरून जाळ्यात मारला. १९८८, १९८९ आणि १९९२ अशी तीन वर्षं त्याला युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. घोट्याच्या दुखापतीने त्याचा शेवटचा सामना २६ मे १९९३ रोजी झाला. तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. दोन वर्षं उपचारांत गेल्यावर ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच्यासारख्यांचे घोटे ज्या मागून होणाऱ्या धडकांनी गेले, त्यांच्यावरचे नियम १९९० च्या दशकात कडक झाले. आजचा फॉरवर्ड ज्या संरक्षणात खेळतो त्यात त्या पिढीच्या दुखण्याचा वाटा आहे.

पण मला त्याच्या गोलांइतकंच महत्त्वाचं वाटतं ते त्याचं बालपण. आयाक्सला जाण्यापूर्वी तो उट्रेख्तच्या तीन छोट्या क्लबांतून खेळला: ईडीओ, यूव्हीव्ही आणि एलिंकवाइक. वस्तीतले साधे क्लब, पण दर शनिवारी सामना. हॉलंडमध्ये पोरगा पाच-सहा वर्षांचा झाला की वस्तीतल्या क्लबात जातो आणि हंगामभर साखळी सामने खेळतो. १९८८ मध्ये त्या देशाची लोकसंख्या दीड कोटीच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ७९ लाख भरली. म्हणजे ज्या देशाने क्रॉयफ, व्हान बास्तेन आणि बर्गकँप दिले, त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा आपला खान्देश आहे.

खान्देशात फुटबॉल परका नाही. रेल्वेने हा खेळ देशभरच्या जंक्शनांवर नेला आणि भुसावळ हे त्यातलं मोठं जंक्शन. तिथल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं राहत. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणींमध्ये देशभरातून माणसं आली, आपापले खेळ घेऊन आली. आज धुळ्याच्या गरुड मैदानावर किंवा जळगावच्या एकलव्य क्रीडा संकुलात सकाळी गेलं तर चेंडूमागे धावणारी पोरं दिसतात. कुस्ती, कबड्डी, व्हॉलीबॉल यांच्या मानाने संख्या थोडी, पण दिसतात. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांत चेंडू पोहोचले. त्याच विश्वचषकात भारताच्या संघात पुढच्या फळीत एक मराठी मुलगा होता, कोल्हापूरचा अनिकेत जाधव.

कोल्हापूर हे नाव इथे सहज आलेलं नाही. महाराष्ट्रात फुटबॉलची लोकपरंपरा खऱ्या अर्थाने तिथेच रुजली. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपला केला, शाहू स्टेडियमवर गर्दी केली आणि दर हंगामात लीग चालवली. खान्देशात आखाडे होतेच, मैदानंही आहेत. लीग नाही. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

आपल्याकडे शालेय फुटबॉल मुख्यतः बाद पद्धतीने होतो. सुब्रतो कपच्या जिल्हा फेऱ्या साधारण जुलैत येतात. आपली काळी माती तेव्हा पावसाने भिजलेली असते, बुटाला चिखलाचे गोळे लागतात, चेंडू हलत नाही. पहिल्याच सामन्यात संघ हरला की त्यातल्या मुलाचं वर्ष संपलं. वर्षभराच्या सरावाच्या बदल्यात त्याला तासाभराचा एक सामना. गोल करणं ही सवयीची गोष्ट आहे. गोलरक्षक कोणत्या पायावर भार देतो, बचावपटू केव्हा मान वळवतो, हे सांगून शिकवता येत नाही. ते शंभर सामन्यांत चुकत-चुकत अंगी येतं. मुलींची स्थिती याहून कठीण. त्यांच्या कित्येक शाळांचा संघ जिल्ह्यापर्यंत पोहोचतो तो समोर संघच नसल्यामुळे, आणि विभागीय पातळीवर पहिल्यांदा खऱ्या बचावासमोर उभं राहायची वेळ येते. जिल्ह्यातल्या आठ शाळा एकत्र आल्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या आपल्या उत्तम हवेच्या चार महिन्यांत दर रविवारी सामने झाले, तर इतर सात शाळांशी दोनदा खेळून प्रत्येक मुलाला चौदा सामने मिळतील. त्यासाठी स्टेडियम लागत नाही. दोन मैदानं, चुना, शिट्टी आणि वेळापत्रक पाळणारी चार माणसं लागतात.

हे पुस्तक कसं रचलं आहे याबद्दल थोडं. नेव्हिल मध्यभागी आहे. त्याच्या भोवती रहीमसाहेबांची शाळा, मुंबईच्या कंपनी-संघांचा काळ, गोवा आणि कोल्हापूर या दोन परंपरा, आणि हॉलंडचा धडा असे लेख येतात. प्रत्येक लेख वेगळा वाचता येईल. नववी-दहावीच्या मुलाला एकट्याने वाचता यावा, त्याच्या क्रीडाशिक्षकाला मैदानावर वापरता यावा, इतका तो सोपा ठेवला आहे. डावपेच समजावताना आकृत्या दिल्या आहेत. जुन्या सामन्यांची वर्णनं जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे रंगवून सांगण्याचा मोह टाळला आहे आणि गोल कोणत्या मिनिटाला झाला एवढंच दिलं आहे. व्हान बास्तेनचा म्युनिकचा गोल आजचा पोरगा मोबाइलवर हवा तितक्या वेळा पाहू शकतो. नेव्हिलच्या गोलांचं ते भाग्य नाही. तो कसा धावला असेल हे मिनिटांवरून, मांडणीवरून आणि सोबत्यांच्या खेळावरून समजून घ्यावं लागतं. मला तर हे वाचन अधिक शिकवणारं वाटतं, कारण त्यात नुसता शेवटचा फटका दिसत नाही, त्याआधीचा सगळा संघ दिसतो.

सुनील छेत्रीने भारतासाठी नव्वदहून अधिक गोल केले आणि जवळपास वीस वर्षं तो पुढची फळी सांभाळत राहिला. त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न आज देशभर विचारला जातो. उत्तर दिल्लीच्या किंवा मुंबईच्या कचेरीत सापडणार नाही. ते जिल्ह्यांत आहे, म्हणून खान्देशातल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे की या वर्षी आपल्या तालुक्यात चार शाळांची का होईना, साखळी स्पर्धा सुरू करा. आणि वाचकांना दुसरी विनंती. भुसावळच्या रेल्वे मैदानावरच्या, धुळ्या-जळगावच्या, अमळनेर-चाळीसगावच्या जुन्या फुटबॉल सामन्यांची छायाचित्रं, प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं कुणाच्या घरी असतील, कुणाचे वडील किंवा आजोबा खेळले असतील, तर त्यांनी ती जपावीत, मागे नावं आणि साल लिहून ठेवावं आणि प्रकाशकांकडे एक प्रत पाठवावी. दुसऱ्या आवृत्तीत खान्देशावरचा स्वतंत्र लेख त्यातूनच लिहिला जाईल.